ज्येष्ठ फांद्यांची सेवानिवृत्ती

हेडक्लार्क निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांना कुणी काहीही विचारलं नव्हतं. घरात सूनबाई सगळं परस्पर ठरवायची. मुलगा 'बाबा, तुम्ही आराम करा' म्हणायचा, म्हणजे मध्ये पडू नका. चौतीस वर्षं ज्यांच्या शेऱ्याशिवाय खात्यातला एक कागद हलला नाही, त्या माणसाला आज भाजी कुठली करायची हेसुद्धा कुणी विचारू नये? जिवाला लागतं हो.

म्हणून ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, गावाबाहेरची बाग विकायची भाषा काढली तेव्हा हेडक्लार्क खुर्चीतून ताडकन उठले. बाग म्हणजे वडिलांनी लावलेली संत्र्याची चाळीस झाडं. जमीन ताईच्या नावावर. ताई इस्पितळात मेट्रन होती, सगळी हयात वॉर्डात गेली, आणि पुढे गुडघ्यांनी दगा दिल्यावर अकरा वर्षं त्या बागेकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. कुंपण आडवं झालेलं, गवत कमरेएवढं वाढलेलं. शेजारच्या टेकडीवरच्या खडीवाल्याला ती जागा ट्रक उभे करायला हवी होती, आणि तो कागद तयार करून बसला होता.

"मला एक वर्ष दे," हेडक्लार्क म्हणाले. "बागेला काही झालेलं नाही. प्रशासन ढिलं पडलंय, एवढंच."

"बाळ्या, झाडं आहेत ती, तुझं ऑफिस नाही," ताई म्हणाली. साठी ओलांडलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. "पण बरं. एक वर्ष. आपल्या झाडाचं एक गोड संत्रं माझ्या हातावर ठेव, मी सही करणार नाही. नाहीतर खडीवाल्याला बोलावते."

झालं! हेडक्लार्कांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दुसऱ्या दिवशी ते टेबल, खुर्ची, शिक्के आणि चाळीस फायली घेऊन बागेत हजर. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकला. हजेरीपत्रक केलं. आता झाडं कुठे जाणार होती देव जाणे, पण रोज साडेदहाला चाळीसच्या चाळीस झाडांची हजेरी लागायची आणि हेडक्लार्क समाधानाने सही करायचे.

हाताखाली माणूस एकच, माळीबुवा. वडिलांच्या काळापासूनचा, मधली अकरा वर्षं दुसऱ्यांच्या बागांत राबलेला, आता साठी उलटल्यावर पुन्हा बोलावलेला. त्याच्या नावाने पहिल्याच दिवशी परिपत्रक निघालं: बागेतल्या कामाबाबत मालकीणबाईंशी थेट बोलू नये, योग्य मार्गाने यावं. योग्य मार्ग म्हणजे अर्थात हेडक्लार्क.

मग झाली पाहणी. हेडक्लार्क हातात पॅड घेऊन प्रत्येक झाडासमोर उभे राहिले आणि जे दिसलं त्याने त्यांचं रक्त उसळलं. प्रत्येक झाडात वर म्हाताऱ्या फांद्या होत्या, शेवाळलेल्या, अर्ध्या वाळलेल्या, चार पानं धरून बसलेल्या. आणि खाली, बुंध्याच्या पायाशी, मनगटाएवढ्या जाड, सरळ, हिरव्यागार, तजेलदार फांद्या फुटलेल्या. काटे जरा जास्त होते, पण तरुण रक्त म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

हेडक्लार्कांना सगळं कळलं. हे त्यांनी आयुष्यभर भोगलं होतं. वरचे ज्येष्ठ जागा अडवून बसतात आणि खालचा कर्तबगार माणूस पंचावन्नाव्या वर्षापर्यंत बढतीची वाट बघत कुजतो. त्यांना स्वतःला हेडक्लार्कची खुर्ची मिळाली तेव्हा डोक्यावर केस उरले नव्हते. इथे तरी अन्याय चालू देणार नाही, असं त्यांनी मनोमन ठरवलं आणि आदेश क्रमांक सात काढला: वरच्या सर्व ज्येष्ठ फांद्या सेवानिवृत्त कराव्यात, खालच्यांना वाव द्यावा.

माळीबुवाने कागद ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, अहो, वरचं तेच तर संत्रं आहे. खाली रानटी लिंबाचा खुंट असतो, त्याच्यावर संत्र्याचा डोळा बांधून कलम केलेलं. ही बघा बुंध्यावरची गाठ. गाठीच्या वर संत्रं, गाठीच्या खाली रान. कापायचं ते खालचं."

"तुमचा आक्षेप लेखी द्या."

"लिहिता मला कमीच येतं. मी झाड दाखवतो ना."

"झाड फायलीला लावता येत नाही," हेडक्लार्क म्हणाले. आणि त्यांनी त्याच्यापुढे एक छापील फॉर्म सरकवला. वर मजकूर, खाली एक ओळ: सदर काम मी स्वतःच्या जबाबदारीवर केले आहे. हा फॉर्म हेडक्लार्कांनीच बावीस वर्षांपूर्वी खात्यासाठी तयार केला होता आणि खात्यात त्याचं फार कौतुक झालं होतं. माळीबुवाने वाकडीतिकडी सही केली. नसती केली तर कामावरून गेला असता, आणि बागेखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

कापणी नऊ दिवस चालली. माळीबुवा इतका सावकाश करवत ओढत होता की हेडक्लार्कांनी त्याला दोनदा तोंडी ताकीद दिली.

पुढे काय, बाग फोफावली. बघणारा थक्क व्हावा असं हिरवं. फुलं आली, फळं धरली. फळं चांगली दांडगी होती, खरबरीत सालीची, पिवळी. हेडक्लार्कांनी नोंद केली: आकारमानात लक्षणीय वाढ.

फळ उतरवण्याआधी त्यांनी चव तपासणी समिती नेमली. सदस्य तिघे, पूर्वीचे त्यांच्याच हाताखालचे: टंकलेखक, रोखपाल आणि आवक-जावक कारकून. हेडक्लार्क स्वतः काही चाखत नसत, त्यांना आंबट बाधायचं. शिवाय चाखणं हे समितीचं काम. टंकलेखकाने फोड तोंडात टाकली. त्याचा एक डोळा मिटला, मान खांद्यात गेली, अंगावर सरसरून काटा आला. त्याने हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्क पेन घेऊन वाट बघत होते.

"चव समाधानकारक," टंकलेखक घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्याने म्हटल्यावर रोखपालाची काय टाप! त्याने डोळ्यांतलं पाणी पुसत 'सहमत' लिहिलं. आवक-जावकवाल्याने तर न चाखताच सही ठोकली. तिघांत खरा हुशार तोच म्हणायचा.

आणि मग ताई आली. गुडघे धरत, काठी टेकत, मोटारीतून उतरून बागेतल्या खुर्चीवर बसली. खडीवाला कागद घेऊन उभा. समिती एका ओळीत, माळीबुवा लांब गवतात. हेडक्लार्कांनी सोललेलं फळ स्वतः ताईच्या हातावर ठेवलं.  

ताईने फोड खाल्ली आणि तिथल्या तिथे थुंकली.

"शी! हे कसलं संत्रं? हे खुंटाचं लिंबू आहे." मग तिने मान वर करून झाडांकडे पाहिलं, एका झाडाकडे, दुसऱ्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. "बाळ्या, वरच्या फांद्या कुठे गेल्या? कुणी कापल्या?"

समिती एक पाऊल मागे सरकली. हेडक्लार्कांनी बुंध्यावरची गाठ पाहिली. गाठीच्या वर संत्रं, गाठीच्या खाली रान. वर्षापूर्वी ऐकलेलं आज त्यांच्या डोक्यात शिरलं.

"हे बघ," ताई म्हणाली, "माळ्याने चूक केली असेल तर माळी बदलू आणि पुन्हा प्रयत्न करू. मला अजून धीर आहे. पण तू केली असशील तर मी आत्ता सही करते. माळ्याला काढता येतं. भावाला कसं काढू? तू इथे आहेस तोवर या बागेचं काही खरं नाही."

खडीवाल्याने पेनाचं टोपण उघडलं.

हेडक्लार्कांनी बॅग उघडली. फॉर्म वरच होता. सदर काम मी स्वतःच्या जबाबदारीवर. खाली वाकडीतिकडी सही. हा एक कागद ताईच्या हातात दिला की बाग वाचत होती, टेबल वाचत होतं, रोज साडेदहाला कुठेतरी जायचं वाचत होतं. असे कागद त्यांनी चौतीस वर्षांत किती पुढे सरकवले होते, आणि एकदाही झोप उडाली नव्हती. पण त्यांवर सही करणाऱ्या माणसांना असं समोर उभं राहिलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. माळीबुवा समोर उभा होता. तो नुसता गवताकडे बघत होता.

"मी कापल्या, ताई," हेडक्लार्क म्हणाले. "त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. झाड दाखवतो म्हणाले. मी ऐकलं नाही."

आणि समितीदेखत त्यांना रडू कोसळलं. लाज वाटली, पण आवरेना.

ताईने काठी बाजूला ठेवली. मग तिने खडीवाल्याकडे हात पुढे केला. त्याने कागद आणि पेन दिलं. तिने कागद उलटा केला, मागे दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि मोठ्याने वाचलं: "बागेच्या हेडक्लार्कांना आजपासून कामावरून काढलं आहे. यापुढे माळीबुवा सांगतील तसं."

"अहो बाई, तो माझा कागद!" खडीवाला ओरडला.

"मागची बाजू कोरी होती," ताई म्हणाली. "भावाला काढता येत नाही, पण हेडक्लार्कला येतं. हे मला आधी सुचायला हवं होतं."

मग तिने माळीबुवाला जवळ बोलावलं. "पुन्हा संत्रं येईल का हो यावर?"

"येईल. मुळं दणकट आहेत. चार-चार सरळ फांद्या ठेवू, त्यांत नवे डोळे भरू. चार वर्षं लागतील." त्याने झाडांकडे पाहिलं. "पण डोळे बाहेरच्या बागेतले आणावे लागतील, बाई. तुमच्या वडिलांचं वाण गेलं. ती चव आता नाही मिळायची."

ताईने चष्मा काढला आणि पदराने डोळे पुसले. तिला फार वाईट वाटलं आणि तिने ते लपवलं नाही. "भरा," ती म्हणाली. "दुसऱ्याचं तर दुसऱ्याचं. मी थांबते."

हेडक्लार्क टेबलापाशी उभे होते. बसावं की नाही त्यांना कळेना.

"मला काही काम आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे की," माळीबुवा म्हणाला. "बुंध्याशी कोंब फुटलेत ते खुडायचे. सगळे नाही हं, काही ठेवायचेत."

हेडक्लार्क गवतात खाली बसले. गुडघे कुरकुरले. पहिल्या झाडाच्या पायाशी बोटभर कोंब होता, कोवळा, लुसलुशीत. त्यांनी तो चिमटीत धरला आणि थांबले.

"माळीबुवा," ते म्हणाले, "हा काढू का?"

"काढा."

त्यांनी काढला. मग शेजारच्या कोंबावर बोट ठेवून वर पाहिलं.

"आणि हा?"