चारच घरटी

“योरित, या काठ्या कुणी रोवल्या?”

हिस्केताई कुरणाच्या मधोमध उभी होती आणि मी फाटकापाशी. कुरण तपासायला ब्रुसेल्सची सरकारी मंडळी आता येतीलच अशी वेळ, गोठ्यातली माझी कामं तशीच पडलेली, आणि ही माझी थोरली बहीण मला काठ्या दाखवत होती.

“तूच लावल्यास ना परवा?” मी ओरडलो.

“मी चार घरट्यांपाशी लावल्या. इथे तर दुप्पट दिसतायत.”

मी चर ओलांडून तिच्याजवळ गेलो. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती मातकट अंडी ट्रॅक्टरवरून काही दिसत नाहीत. म्हणून आमच्या फ्रीसलंड प्रांतात घरटं सापडलं की त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या रोवून ठेवतात. गवत कापणारा तेवढी जागा सोडून जातो. ताईच्या काठ्या दुकानातून आणलेल्या बांबूच्या होत्या. या जादाच्या काठ्या विलोच्या झाडाच्या ओल्या फांद्या होत्या, टोकाची साल चाकूनं सोललेली. अशी साल सोलणारा माणूस आमच्या घरात एकच. चिखलात लाकडी बुटांचे ठसे होते आणि ठशांच्या बाजूनं गोल गोल खड्डे. चरावरून उड्या मारायची आपली जुनी लांब काठी टेकत टेकत म्हातारा इथवर आला होता.

“कमाल आहे बाबांची! चरात पडले असते तर कुणी काढलं असतं?” मी म्हणालो.

ताई खाली वाकली. दोन काठ्यांच्या मध्ये नुसतं गवत होतं.

आता बाबांचं सांगायला हवं. वसंतातलं पहिलं टिटवीचं अंडं शोधून प्रांतप्रमुखांच्या हातात द्यायचं, हा आमच्याकडे फार मोठा मान. बाबांनी तो तीनदा मिळवला. पण टिटव्या कमी होत गेल्या आणि अंडी उचलणं बंद झालं. ज्या अहवालांवरून ते बंद झालं, त्यातला एक हेगच्या संस्थेत बसून ताईनं लिहिला होता. बाबांनी उडीची काठी गोठ्यात खुंटीवर टांगली ती टांगलीच. “पोरीनं बापाला रानाबाहेर काढलं,” असं ते गावच्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यानंतर ताईशी ते बोलले ते फक्त हवामानावर आणि स्वतःच्या गुडघ्यावर.

आणि ताई? तिच्यावर लेख लिहावा असं तिच्या आयुष्यात काही नाही. हेगला दोन खोल्या, एक सायकल, खिडकीतलं एक हट्टी झाड. सगळी उमर अहवाल लिहिण्यात गेली. तिची वाक्यं मंत्री भाषणात वापरतात, नाव घेत नाहीत. “अंदाजे दहा म्हणा ना,” असं वरून कुणी सुचवलं, तर ती म्हणते, “मोजली तेव्हा सात होती.” बढती दोनदा हुकली ती याच स्वभावापायी. दर वसंतात मात्र ती रजा काढून घरी येते, बापाची तिरकस बोलणी खाते आणि आमची कुरणं पायाखाली घालते.

गवत उशिरा कापलं तर टिटवीची पिल्लं जगतात, पण गवत निबर होतं आणि आमचं दूध घटतं. ती तूट शेतकऱ्याला भरून द्यावी, ही योजना ताईनंच मांडली आणि लावून धरली होती. ती पुढे चालवायची की गुंडाळायची, हे आज येणारी माणसं ठरवणार होती. गुंडाळली तर पुढच्या वर्षापासून सगळा गाव मे महिन्यातच यंत्रं घालणार, घरट्यांवरून.

“राहू देत ना त्या काठ्या,” मी म्हणालो. “ते काय वाकून बघणारेत? आणि बाबांनी इतक्या वर्षांनी तुझ्यासाठी काहीतरी केलंय, ताई.”

“तेच तर,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

तिघं जण आले. त्यांच्या प्रमुख कायसाबाई फिनलंडच्या होत्या, माझ्या बायकोचे रबरी बूट घालून चिखलात सावकाश पाय टाकत होत्या. कुंपणापाशी बाबा येऊन उभे राहिले होते. अंगात ठेवणीतला कोट, डोक्यावर टोपी. लग्नालाच आल्यासारखे.

कायसाबाईंनी कुरणावर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा! खूपच घरटी दिसतायत की!”

ताईनं नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

“चार,” ताई म्हणाली. “बांबूच्या काठ्या आहेत तिथे. विलोच्या काठ्यांपाशी या वर्षी घरटं नाही. त्या मोजणीत धरू नका.”

“मग त्या लावल्यात कशाला?”

ताईनं कुंपणाकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून उभे होते. मग ती एकेका विलोच्या काठीवरून नजर फिरवत गेली. फाटकाजवळचा उंचवटा, जुन्या चराचं वळण, पाणी साचतं ती खोलगट जागा. तिचा चेहरा बदलत गेला.

“या जागी पूर्वी घरटी असायची,” ती म्हणाली. “त्या उंचवट्यावरचं मी स्वतः पाहिलेलं आहे. शाळेत जायला लागले होते तेव्हा. मला खांद्यावर घेऊन वडिलांनीच दाखवलं होतं. ते तिथे उभे आहेत. हे कुरण आधी कसं होतं, ते त्यांनी लावून दाखवलंय.”

कायसाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चारच लिहिलं असणार. बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? आणि अभिमानानं छातीही भरून आली होती. दोन्ही एकाच वेळी.

पाहुणे गेल्यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मी साखरेचा पाव कापला, वर लोण्याचा जाड थर लावला. कुणी हात लावेना. शेवटी बाबाच बोलले.

“सालं, जन्मात पहिल्यांदा खोटेपणा केला, तोही हिनं धड करू दिला नाही.”

“बाबा, आदल्या वर्षीचं, शीतपेटीत ठेवलेलं अंडं ज्यानं वसंतातलं पहिलं म्हणून आणलं होतं, त्याच्या टेबलाला तुम्ही पुन्हा कधी बसलात का?” ताईनं विचारलं.

“नाही बसलो.”

“मग आज खोटं बोलून मी तुमच्या टेबलाला कशी बसले असते?”

बाबा कपातली कॉफी ढवळत राहिले. “काठ्या कुठेही खुपसणार होतो मी,” ते म्हणाले. “कुणाला काय कळणार होतं? पण पाय तिकडेच गेले गं.”

“ते दिसलं मला.”

“घे, पाव खा. वाळलीयस नुसती,” असं म्हणून त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली. इतक्या वर्षांत हवामान आणि गुडघा सोडून त्यांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. मी उगाचच उठून खिडकी उघडली.

मे महिन्यात निकाल आला. योजना एकच वर्ष वाढली, तीही काटछाट करून. मी फोनवर चिडलो. ताई म्हणाली, “एक वर्ष म्हणजे आणखी एकदा अंडी, योरित.” आणि पुढच्या अहवालाच्या कामाला लागली.

जूनच्या मध्यावर मी कापणी काढली तेव्हा ती आली. काठ्या रोवल्या त्या दिवसानंतर बाबांच्या गुडघ्यानं साथ सोडली होती आणि ते खिडकीतल्या खुर्चीतून उठत नव्हते. पिल्लं केव्हाच घरट्यांतून चालती झाली होती, ताईनं बांबू उपटून नेले होते. कुरणात विलोच्या काठ्या तेवढ्या उरल्या होत्या आणि ओल्या जमिनीत त्यांना पानं फुटली होती.

“या उपटायला हव्यात ना?” मी ट्रॅक्टरवरून विचारलं. “झाडं वाढली की त्यांवर अंडी खाणारे कावळे बसणार, मग टिटव्या येणार नाहीत.”

“हिवाळ्यात उपटू,” ती म्हणाली. “मीच उपटेन.”

मग ती यंत्राच्या पुढे चालू लागली, घरटी असताना जागा दाखवायला चालतात तशी. उंचवट्यावरच्या काठ्यांपाशी पोचली, थांबली आणि तिनं हात वर केला. खिडकीतून बाबा बघत होते. मी चाक वळवलं आणि तेवढं गवत उभं ठेवून पुढे गेलो.