गेली म्हणू नका, येते म्हणा

मित्रांनो, पुण्याच्या पूर्वेकडच्या उड्डाणपुलावरून जाताना तुम्ही कधी खाली वाकून पाहिले आहे का? रुळांच्या कडेला, घाणेरीच्या झुडपांत, एक लाल-पांढरा दांडा आडवा दिसतो. गंजलेला, साखळीने बांधलेला. ते मी. मी एक जुने रेल्वे फाटक आहे. बऱ्याच दिवसांत कोणाशी बोललेले नाही, तेव्हा घटकाभर थांबा.

रेल्वेच्या कारखान्यात एका लोखंडी नळीला पट्टे रंगवले, मधोमध गोल लाल चकती बसवली आणि मला इथे आणून उभे केले. रुळांच्या पलीकडे माझा जोडीदार होता, अगदी माझ्यासारखाच. केबिनमधले चाक फिरवले की आम्ही दोघे एकदम खाली वाकत असू आणि गाडी गेली की एकदम वर. आम्ही कधी एकमेकांना भेटलो नाही, पण आमचे वाकणे नेहमी एकत्र असे.

ते चाक दुर्गाबाई फिरवीत. त्या वर्ध्याकडच्या. स्टेशनवरून फोन आला की हातातले काम टाकून उठत. सकाळी माझ्यापाशी सायकलींची रांग लागे. मंडईत भाजी विकणारे, कारखान्यात जाणारे, शाळेची मुले. आणि कॅरिअरवर पावांची भली मोठी टोपली बांधलेले नियाजभाई.

नियाजभाईंना थांबणे म्हणजे शिक्षा वाटे. गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकला की ते ओरडत, "गेली!" आणि मी वर होण्याआधीच सायकल आडवी करून माझ्याखालून सरकवत.

दुर्गाबाई खिडकीतून म्हणत, "नियाजभाई, वर जायची एवढी घाई असेल तर तसं सांगा. त्याला तिकीट लागत नाही."

"अहो बाई, पाव गार होतात!"

"पाव गार झाले तर लोक चहात बुडवून खातील. तुम्ही गार झालात तर?"

रांगेतले लोक हसत. मीही मनात हसत असे. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

कारण एका सकाळी मालगाडी गेली, नियाजभाई "गेली!" म्हणाले आणि माझ्याखालून निघाले. इथे रूळ दोन आहेत आणि रस्ता त्यांना तिरपा छेदतो. रुळाच्या आतल्या अंगाला गाडीच्या चाकासाठी दोन-तीन बोटे रुंद खाच असते. नियाजभाई घाईत सायकलवर बसले, तिरपे गेले, आणि पुढचे चाक त्या खाचेत अडकले. टोपलीसकट ते आडवे झाले. मालगाडीच्या खडखडाटात दुसऱ्या रुळावरच्या गाडीची शिट्टी कोणालाच ऐकू आली नव्हती.

दुर्गाबाई लाल झेंडी घेऊन धावल्या. "सायकल सोडा! सोडा म्हणते ना!"

ते मात्र हँडल ओढत होते. शेवटी बाईंनी त्यांची कॉलर धरून त्यांना खडीवर खेचले. पुढच्याच क्षणी सायकलचे काय झाले ते मी पाहिले. मला डोळे मिटता येत नाहीत. दोन दिवस कावळे पाव वेचत होते.

नियाजभाईंचा पाय मोडला. तीन महिन्यांनी ते लंगडत नवी सायकल घेऊन आले. त्या दिवशी पुढच्या दांडीवर त्यांची लहानगी सुहाना बसली होती. गाडी गेली, मी वर झाले, तरी ते हलेनात. त्यांनी विचारले, "बाई, जाऊ का?"

"जाऊ का नाही, येऊ का म्हणावं," दुर्गाबाई म्हणाल्या. मग सुहानाकडे वळून त्यांनी विचारले, "घरातून निघताना आपण काय म्हणतो गं? जाते म्हणतो?"

"नाही. येते म्हणतो."

"मग गाडीला तरी गेली कशाला म्हणायचं? एक गाडी पुढे सरकली की लगेच म्हणायचं, येते. म्हणजे दुसरी येतेय. म्हणजे दोन्हीकडे बघायचं."

सुहाना दांडीवरून खणखणीत ओरडली, "येतेऽ!" सगळी रांग हसली. पण दुसऱ्या दिवशी मालगाडी गेल्यावर रांगेतून कोणीतरी म्हणाले, "येते." तिसऱ्या दिवशी चौघे म्हणाले. बघता बघता ती माझ्या फाटकाची रीतच झाली. नियाजभाई उतरून सायकल हातात धरत आणि चाक रुळाला काटकोनात ठेवून चालत पार होत. मित्रांनो, ते माझे सर्वांत चांगले दिवस.

पुढे पूल झाला. पूल चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला कायमचे खाली वाकवून साखळी घातली. माझ्या जोडीदाराला कापून नेले आणि तिथे भिंत बांधली. दुर्गाबाईंची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी फडक्याने माझी चकती पुसली आणि म्हणाल्या, "येते रे बाबा."

या गोष्टीला चार वर्षे झाली. मी त्यांना दोष देत नाही. बदली झालेल्या माणसाला कुठे परत येता येते? पण दर सकाळी मला वाटे, आज येतील.

मधल्या काळात पलीकडच्या भिंतीला कोणीतरी भगदाड पाडले. पुलाचा चढ सायकलला जड जातो, म्हणून काही जण माझ्याखालून सरकून त्या भगदाडातून जाऊ लागले. आता फोन वाजत नाही, झेंडी नाही, सावध करणारे कोणी नाही. मी नुसते बघत राहते.

परवा दुपारी दोन मुली सायकली घेऊन आल्या. एक आठवीतली सुहाना. उंच झाली आहे, पण मी ओळखले. दुसरी तिची मैत्रीण ओवी. कोणत्याशा क्लासला उशीर झाला होता. समोरून मालगाडी जात होती.

शेवटचा डबा सरकला. "गेली! चल," ओवी म्हणाली आणि तिने सायकल माझ्याखाली घातली.

सुहानाने तिचे कॅरिअर घट्ट धरले. "गेली म्हणू नकोस. येते म्हण."

"काय येते? सोड ना! समोर दिसतंय, गेली ती."

"आधी म्हण."

"वेडी आहेस का तू?" ओवी ओढत होती, सुहाना सोडत नव्हती. माझ्या साखळीला कंप जाणवला, आधी बारीक, मग मोठा. मला ओरडायचे होते. फाटकाला तोंड नसते.

आणि दुसऱ्या रुळावरून एक्स्प्रेस आली. ओवीची ओढणी वाऱ्याने माझ्या दांड्याला गुंडाळली गेली. सगळे डबे जाईपर्यंत ती मला धरून उभी होती. मग अगदी हळू ती म्हणाली, "येते."

"अब्बांचा पाय इथेच मोडला," सुहाना म्हणाली. "मीही आज चढ टाळायला इथे आले. चुकलंच माझं. चल, पुलावरून जाऊ. चढ चालत चढू."

"क्लास?"

"उशिरा पोहोचू. पण पोहोचू."

मित्रांनो, तुमच्या वाटेवर चालू फाटक असेल तर ते वर होईपर्यंत थांबा. कानातले गाणे बंद करा, सायकलवरून उतरा, दोन्हीकडे बघा आणि चाक सरळ ठेवून पार व्हा. चाक अडकलेच तर सायकल सोडा. आणि माझ्यासारखे बंद फाटक दिसले तर त्याच्याखालून वाकून जाऊ नका. त्याला सोबत हवी असते हे खरे, पण तशी नको.

निघताना सुहानाने माझ्या चकतीवरची धूळ तळहाताने पुसली आणि सवयीने म्हणाली, "येते हं."

दोघी पुलाच्या चढाकडे चालत गेल्या. मी त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले. आजवर ज्याने ज्याने मला "येते" म्हटले, त्याची मी वाट पाहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून म्हणाले, पोरी, येऊ नकोस.