दोनदा खाली-वर

सगळ्यात पुढच्या खंदकात एकटाच उरलेला तो शिपाई मला फक्त वरून, ड्रोनच्या कॅमेऱ्यातून, माहीत होता. सकाळी खंदकाच्या कडेला आला की त्याची सावली थेट शेतात जाऊन पडायची, म्हणून मी त्याचं नाव लांब्या ठेवलं. त्याचे दोन सोबती जखमी होऊन मागे आले होते. वायरलेस लावला की समोरचे नेमक्या तिथेच तोफा डागायचे, म्हणून तोही बंद. मी दोन किलोमीटर मागे, तळघरात, पडद्यासमोर. रोज ड्रोन त्याच्या डोक्यावर नेऊन दोनदा खाली-वर करायचो. आपलाच आहे, घाबरू नकोस, एवढाच अर्थ. तो डावा हात वर करायचा. दिवसभरात माझ्याशी कोणी एवढंच बोलायचं. खोटं कशाला सांगू, त्या हाताची मी वाट बघायचो.

आज त्याला परत आणायचं होतं. दुपारी समोरचे पुढे सरकणार अशी खबर होती. मी चिठ्ठी टाकायची, मग आपल्या तोफांनी समोरची टेकडी झोडपायची, आणि तिथली डोकी खाली असताना लांब्याने चरातून पुलापर्यंत पळायचं. पुलावर आपली तुकडी होती. गोळे होते दहा मिनिटांपुरते.

"झालं का? की मुहूर्त बघतोयस?" तोफखान्याचे साहेब फोनवर ओरडले.

"टाकतोय, साहेब."

घाईघाईत चिठ्ठी टाकली आणि वळलो. खाली-वर करायचं साफ विसरलो. एवढं एक काम, तेही धड नाही! ड्रोनमधून काही पडलं म्हणजे बॉम्बच, असं कोणीही समजेल. लांब्या अंगाचं मुटकुळं करून कोपऱ्यात बसला.

तोफा सुरू झाल्या.

"साहेब, थांबवा थोडं, तो निघालाच नाही."

"हा काय नळ आहे बंद करायला? तू त्याला उठव."

मी परत फिरलो. दोनदा खाली-वर. पुन्हा दोनदा. चार मिनिटं गेली तेव्हा कुठे त्याने मान वर केली. चिठ्ठीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण ड्रोन चराकडे निघाला तसा मागोमाग पळत सुटला. पूल दिसायला लागला आणि बॅटरी संपली. पडदा काळा झाला. थोड्या वेळाने तोफाही थांबल्या.

पुलावर फोन लागेना. तळघर सोडायची परवानगी नव्हती. सोडलं आणि पळालो.

पुलाखाली एक बुटका माणूस आकाशाकडे डावा हात करून उभा होता. हा लांब्या! मला रडूच आलं.

"कोणाला हात करताय?" मी विचारलं.

"आपल्या ड्रोनवाल्याला. देवमाणूस! आधी समोरच्यांचा एक आला होता. काहीतरी टाकून गेला, नशीब फुटलं नाही. मग आपला आला, म्हणून वाचलो. तुम्ही कुठे असता?"

"मागे," मी म्हणालो. पुढचं माझ्याने सांगवलं नाही.

त्याने पुन्हा हात वर केला. वर काहीच नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभा राहून वर बघत होतो.