वादीला पाणी आलं तो दिवस

यिशायने बॅग भरायला घेतली तेव्हा वरच्या घरात तो एकटाच होता, आणि त्याला तेच हवं होतं. निरोप, मिठ्या, समजुती यातलं काही त्याला नको होतं. कॉलेजच्या वसतिगृहात एक खोली रिकामी झाली होती. दुपारी जाऊन किल्ली घ्यायची, की सुटलो.

१९९६ सालचा जानेवारी होता. बेरशेवा शहराच्या दक्षिण टोकाला, वादीच्या, म्हणजे पावसापुरत्याच वाहणाऱ्या ओढ्याच्या, कोरड्या पात्राजवळच्या वस्तीत तीन विद्यार्थी एका घरात राहत. भाडं नावापुरतंच होतं. त्याच्या बदल्यात त्यांनी वस्तीतल्या लोकांची कामं करायची होती. पोरांचा अभ्यास घ्यायचा, म्हाताऱ्यांची औषधं आणून द्यायची, रशियातून नव्याने आलेल्यांबरोबर सरकारी कचेऱ्यांत जायचं. शुक्रवारी दुपारी तिघांनी मिळून स्वयंपाक करायचा आणि ज्याला कोणी नाही त्याला जेवायला बोलवायचं. सगळ्यांचा म्होरक्या ओहाद. तो हैफाचा, नौदलातून सुटून आलेला, भावांवर हुकूम गाजवावा तसा दोघांवर गाजवायचा. दुसरा रोई, बडबड्या आणि धांदरट. यिशाय डिमोनाचा. स्वस्त म्हणून इथे आला आणि चार महिन्यांत कंटाळला. माणसं त्याला झेपत नसत. शुक्रवारी तो भांडी घासायचं काम मागून घ्यायचा, म्हणजे पाहुण्यांकडे पाठ करता येई.

त्यातून खालच्या मजल्यावर मोर्देखायकाका होते. रेवदंड्याचे ज्यू, मग मुंबईचे, आणि आता तीस वर्षं इथले. त्यांची मुलगी पनीना सकाळी दवाखान्यात नर्सच्या कामावर जाई. तेवढा वेळ तिघांपैकी एकाने काकांपाशी बसायचं. वर्षभरात काकांचं डोकं हळूहळू मागे मागे चाललं होतं. आधी कालचं विसरले, मग नातवंडांची नावं, आणि आता हिब्रूसुद्धा. उरली होती मराठी. यिशायचे आईबापही तिकडूनच आलेले, त्यामुळे त्याला ती कळत होती, पण डिमोनात आई मराठीत बोलायची आणि तो हिब्रूत उत्तर द्यायचा. काकांपाशीही त्याने तेच चालवलं होतं.

"पोरा, आज भरती कधी?" काका आठवडाभर विचारत होते.

"माहीत नाही," यिशाय हिब्रूत म्हणायचा आणि पुस्तकात डोकं घालायचा.

त्या सकाळी पाळी रोईची होती. यिशायने बॅगेची चेन ओढली आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. रोई दारात उभा होता. चेहरा पांढराफटक.

"काका वर आलेत?"

"इथे? नाही."

"मी फोन घ्यायला आत गेलो. दोन मिनिटं असतील, यिशाय, फार तर दोन! बाहेर आलो तर दार सताड उघडं."

ओहाद तेवढ्यात दुकानातून येत होता. त्याने पिशव्या जिन्यातच टाकल्या. "रोई, तू बाजाराकडे पळ. मी शाळेच्या बाजूला जातो. यिशाय, तू सिनेगॉगमध्ये बघ." जाता जाता थबकून म्हणाला, "आणि वादीकडे पोरंबिरं दिसली तर हाकला. रेडिओवर सांगतायत, हेब्रोनच्या डोंगरात रात्रभर पाऊस कोसळलाय. पाणी खाली यायला निघालंय."

इथे आभाळ निळं होतं. थेंब पडला नव्हता. पण 'पाणी' हा शब्द कानावर पडला आणि यिशायला काकांचा आठवडाभरचा प्रश्न आठवला.

"थांबा!" तो ओरडला. "ते सारखे भरती विचारत होते."

"काय विचारत होते?"

"भरती. समुद्राचं पाणी खाडीत चढतं ना, ते. त्यांचं गाव खाडीवर आहे." त्याने ओहादचा दंड धरला. "ओहाद, ते वादीत उतरलेत."

ओहादने गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी हिसडा मारून तोडली आणि तिघे पळत सुटले.

काका दिसले ते पात्राच्या मधोमध, गोट्यांच्या एका उंचवट्यावर. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चपला हातात. काठावर दोन बायका उभ्या राहून ओरडत होत्या. पाणी आलंच होतं. त्याच्या तोंडाशी फेस, काटक्या, प्लास्टिकचे डबे होते आणि ते मातकट रंगाचं पाणी उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी सरकत होतं. सुरुवातीला घोट्याएवढंच. पण वरच्या अंगाने घरघर ऐकू येत होती, जणू एखादा लोडेड ट्रक चढ चढतोय.

"सबा! इकडे या! लवकर!" ओहादने हिब्रूत, आजोबांना मारावी तशी हाक मारली. काका दचकले आणि दोन पावलं मागे सरले, खोल भागाकडे. रोईने हाक मारली तसे आणखी एक पाऊल मागे गेले.

"गप्प बसा," यिशाय म्हणाला. "दोघेही गप्प बसा."

त्याने दोरी कमरेला बांधली. दुसरं टोक ओहादने एका बाभळीला वेढा देऊन धरलं. रोई गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने मधली दोरी मनगटाला गुंडाळली. यिशाय पुढे निघाला. पाणी थंडगार होतं आणि पायाखालचे गोटे पळत होते.

"काका!" त्याने मराठीत हाक मारली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. "काका, होडी इकडे... इकडे आली."

काकांनी मान वळवली. "लागली म्हण. होडी लागते. कोणाची होडी?"

"आपली."

"अरे, मग लेट का केलास? पाणी चढायला लागलं."

"हो काका. म्हणून चला. हात द्या."

"चपला भिजतील माझ्या."

"चपला मी घेतो. हात द्या, काका, तुमच्या पाया पडतो."

हे शेवटचं वाक्य आई म्हणायची तसं त्याच्या तोंडून निघून गेलं. पाणी आता त्याच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. काका क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चपला पुढे केल्या. यिशायने चपलांसकट त्यांचं मनगट पकडलं आणि अंगाशी ओढलं.

परततानाच मोठा लोंढा आला. दोघांचे पाय सुटले. दोरी ताणली गेली, यिशायच्या बरगड्या करकचल्या, नाकातोंडात चिखल गेला. त्याने काकांना सोडलं नाही. कुठेतरी रोई जनावरासारखा ओरडला. मग काठावरच्या बायका, एक भाजीवाला, कोण कोण धावले, दोरी ओढायला लागले, आणि पाण्याने यिशाय, काका आणि रोईला काटेरी झुडपांत आणून टाकलं.

काका खोकत होते, पण जिवंत होते. रोईचा खांदा निखळला होता. मनगटाभोवती दोरीने मांस कापलं होतं, आणि तरीही ती त्याने सोडली नव्हती.

संध्याकाळी पनीना हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात त्यांच्यासमोर उभी राहिली. अंगावर अजून कामाचा पांढरा डगला होता.

"कोणाची पाळी होती?" तिने विचारलं.

"आमची," ओहाद म्हणाला.

"मी नाव विचारतेय."

यिशाय सहज गप्प राहू शकला असता. त्याची बॅग भरलेली होती. "मीही घरातच होतो," तो मराठीत म्हणाला. "काका भरती विचारत होते. मला कळत होतं, पनीनाताई. मी कोणाला सांगितलं नाही."

"पाळी माझी होती," रोई मध्येच म्हणाला, आणि रडायला लागला.

पनीनाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "माझा बाप म्हणजे तुमचं समाजकार्य नव्हे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तिने काकांना पगारी बाईच्या हवाली केलं. खालून येता-जाता पनीना मान वर करत नसे. वसतिगृहाची खोली दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. यिशायने विचारायलासुद्धा फेरी मारली नाही. रोईचा हात गळ्यात होता, त्याला शर्ट घालायला, पाव कापून द्यायला कोणीतरी लागत होतं. त्या आठवड्यांत तिघे भांडले खूप. ओहाद म्हणाला, आपण हे घर बंद करावं, आपल्याला माणसं सांभाळता येत नाहीत. त्यावर यिशाय तडकला. एरवी तोंड न उघडणारा हा पोरगा टेबलावर हात आपटून बोलला, "बंद करून काय होईल? पुढच्या वेळी पाणी येईल तेव्हा या वस्तीत धावायलाही कोणी नसेल."

मग तोच वादीकाठच्या घरांची दारं ठोठावायला लागला. डोंगरात पाऊस झाला की कोणी कोणाला सांगायचं, एकट्या म्हाताऱ्यांना कोण वर आणणार, हे त्याने दारोदार बसून ठरवलं. पहिल्या दारी त्याची जीभ टाळूला चिकटली होती. विसाव्या दारी एका रशियन आजीने त्याला सूप पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मार्च उजाडला. एका सकाळी पनीना त्यांच्या दारात आली. आत यायला तयार नव्हती.

"ती बाई त्यांच्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. जेवत नाहीत." तिने रोईकडे पाहिलं. "मी काही विसरलेले नाही. पण दोघांनी मिळून बसायचं. एकाने फोन घेतला तर दुसऱ्याने जागचं हलायचं नाही. आणि तू," ती यिशायकडे वळली, "तू त्यांच्याशी मराठीतच बोलायचंस."

"मला नीट येत नाही, ताई."

"ते शिकवतील. त्यांना तेवढंच उरलंय."

यिशाय त्याच पावली खाली गेला. रोई त्याच्या मागोमाग उतरला. काका खिडकीपाशी बसले होते. त्यांनी दोघांना ओळखलं नाही.

"बसा," ते म्हणाले. "उभे का? कोणाचे पोरगे तुम्ही?"

यिशायने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि शब्द जुळवत जुळवत आपल्या आईचं नाव सांगायला सुरुवात केली.