रांजणातली म्हातारी

नीळकाकीने कोपरापर्यंत हात रांजणात घातला आणि कापडाचा पीळ अलगद वर काढला. बाहेर आला तेव्हा तो हिरवट होता. मग हवा लागली आणि बघता बघता कडेकडेने निळा होत गेला. दारात उभ्या राहिलेल्या बाईंनी नाकावरचा रुमाल काढला नाही, पण त्यांचे डोळे मात्र कापडावरून हलले नाहीत.

"सुंदर," बाई रुमालाआडून म्हणाल्या. "आणि हा वास रोजच असतो का हो?"

"जिवंत आहे म्हटल्यावर वास यायचाच," काकी म्हणाली. "आपल्याला नाही का येत?"

सून तोंड फिरवून हसली. मुलगा हसला नाही. त्यानेच महिनोन्महिने खेटे घालून बाईंना इथवर आणलं होतं. लहान उद्योगांना हात देणारी एक संस्था होती. तिच्याकडून अनुदान मिळायचं, कमी व्याजाचं कर्ज मिळायचं आणि वर्षभर सल्ला द्यायला एक अनुभवी माणूस मिळायचा. तो अनुभवी माणूस म्हणजे या बाई. अंगावर राखाडी कपडे, हळू आवाज आणि नखं अशी लख्ख की काकीने आपले निळे हात नकळत पाठीमागे नेले.

मदत मिळाली तर गळकं छप्पर जाणार होतं आणि कापड वाळवायला वर गच्ची होणार होती. नाही मिळाली तर मुलगा सुनेला घेऊन दूरच्या शहरात नोकरीला जाणार होता. तसं तो बोलला नव्हता. मोठी बॅग तेवढी माळ्यावरून काढून, पुसून, भिंतीशी ठेवली होती. काकी रोज तिला वळसा घालून स्वयंपाकघरात जायची.

रांजणाला घरात सगळे म्हातारी म्हणत. काकीच्या आजेसासूने तो जमिनीत गळ्यापर्यंत पुरला, त्यात नीळ आंबवायला लावली, आणि तेव्हापासून तो एकदाही रिकामा झाला नव्हता. जेवढा रंग उपसायचा तेवढी नवी नीळ घालायची, कोंडा चारायचा, चिमटीभर चुना द्यायचा, थंडीत वर जुनी रजई पांघरायची. "म्हातारी जेवली का?", "आज म्हातारीचं पोट बिघडलंय वाटतं," असली बोलणी ऐकून नव्या माणसाला वाटायचं, आतल्या खोलीत कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. एकदा तर एक व्यापारी तिच्यासाठी फळं घेऊन आला होता. ही गोष्ट सांगताना काकीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी यायचं. बाईंनाही तिने ती सांगितली.

बाई हसल्या नाहीत. "माझ्याकडेही..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मग त्यांनी विषय बदलला. "तपासणीची मंडळी येतील. काम उत्तमच आहे, त्याची काळजी नाही. तेवढं वासाचं बघा. त्यांना सवय नसते."

गल्लीत दोघांना ही मदत आधीच मिळाली होती. एक खुर्च्या विणणारा आणि दुसरा खिळेमामा. तोंडात खिळे धरून, त्यांच्या फटीतून अख्ख्या गल्लीला शिव्या घालत जोडे शिवणारा हा माणूस. आता त्याच्या दुकानावर झकास पाटी होती, आत दिवा होता, पण हातोडीचा आवाज म्हणून नव्हता. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून दारावरून चालला होता.

"काय रे खिळ्या, लग्नाला निघालास की काय?" काकीने हटकलं.

एरवी त्याने चार शब्द सुनावले असते. तो नुसता हसला, सगळे दात दाखवून.

"फिरती असते हल्ली. संस्थेचं काम. तुम्ही पण अर्ज केलाय म्हणे? छान. अगदी छान."

"अरे, माझा डावा जोडा उसवलाय."

"हो हो, बघू या," असं म्हणत तो निघूनही गेला. काकी बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. याच्या तोंडून 'छान' हा शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता.

वास घालवायचा उपाय कुठल्याही रंगाऱ्याच्या घरात ठाऊक असतो. चुना. चुना वाढला की रांजण शांत होतो, झोपतो म्हणा ना. पण झोपलेला रांजण रंग देत नाही, आणि किती झोपवला तर पुन्हा उठेल, हे फक्त हाताला कळतं. सासूचा दंडक होता, पाहुण्यांसाठी चुना घालायचा नाही. पाहुणे काय, नाक मुरडून घरी जातील. म्हातारीने कुठे जायचं?

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी काकीने एक मूठ चुना घातला.

"आई, पण..." सून पुढे झाली.

"उद्यापुरतं गं. परवा कोंडा चारला की उठेल."

"तुम्हीच मला सांगितलं होतंत ना, की..."

"मीच सांगितलं होतं, आणि आता मीच घालतेय. भिंतीशी काय ठेवलंय ते बघितलंस ना?"

सुनेने चुन्याच्या डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली नाहीत. साहेब बाहेरगावी गेले होते, पुढच्या आठवड्यात नक्की येतील, असा निरोप आला. पुढच्या आठवड्यात वास पुन्हा धरू लागला. काकीने आणखी एक मूठ घातली. मग गाडी मिळाली नाही. मग कुणाची तरी बदली झाली. निरोप आणणारा माणूस दर वेळी हात जोडून माफी मागायचा, अगदी मनापासून. यात कुणाचा डाव होता, असं म्हणायला कुठे जागाच नव्हती. आणि दर वेळी काकीचा हात चुन्याच्या डब्याकडे जायचा.

शेवटी मंडळी आली. कुणीही नाकाला रुमाल लावला नाही. एकाने रांजणात वाकून पाहिलं आणि तो म्हणाला, "वा! किती स्वच्छ!" रांजणावर तांब्यासारखी झळकणारी साय असायची, ती नव्हती. पाणी आरशासारखं स्तब्ध होतं आणि त्यात त्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. फोटो काढले गेले. काकीला रांजणाशेजारी उभं केलं गेलं.

ती मंडळी गल्लीच्या वळणापलीकडे जातात न जातात तोच काकी कोंडा घेऊन बसली. भोवती गरम राख लोटली, रजई घातली, काठीने हलक्या हाताने ढवळलं. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी बसून राहिली. आत हात घातला तर पाणी बुळबुळीत आणि गार लागलं. पांढरी चिंधी बुडवून वर काढली, हवेत धरली. ती तशीच राहिली, भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाची. सुनेने ती साध्या पाण्यात खळबळली, तर होता नव्हता तेवढा रंगही निघून गेला.

बाई मंजुरी घेऊन आल्या तेव्हा मुलाने त्यांना दारातच गाठलं. बातमी ऐकून त्याने आईला मिठी मारली, बॅग उचलून माळ्यावर टाकली आणि मिठाई आणायला धावला. सून त्याच्या मागे गेली. तिला त्या रांजणापासून दूर कुठेतरी जायचंच होतं.

बाई आत आल्या. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांना सगळं कळलं. त्या राखाडी कपड्यांनिशी रांजणाच्या कडेला जमिनीवरच बसल्या.

"उठत नाही?"

काकीने मान हलवली.

"माझी काचेची भट्टी होती," बाई म्हणाल्या. "ती कधी विझू द्यायची नसते. धुराची तक्रार नको म्हणून मी आच कमी केली. रोज थोडी थोडी. एका सकाळी आतली काच वितळवायची मूस तडकली." त्यांनी आपल्या लख्ख नखांकडे पाहिलं. "कुणी ओरडलं नाही हो मला. उलट अनुदान वाढवून दिलं."

"आणि मग?"

"संस्थेला अनुभवी माणसं लागतातच. दरमहा मानधन असतं. तुमचंही नाव मी सुचवलंय. छप्पर होईल, मुलगा इथेच राहील." आवाज पहिल्यासारखाच हळू होता. "खालच्या गल्लीत एक कुटुंब आहे. पाव भाजतात. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं आंबवण आहे त्यांच्याकडे. पहिलं काम ते."

"कधी जायचं?" काकीने एकदम विचारलं. ती उठून उभीसुद्धा राहिली होती.

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

"मीही असंच लगेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पहिल्याच भेटीत सांगून टाकायचं. काही बदलू नका, कुणाला आत घेऊ नका."

"मग सांगितलंत का नाही?"

"त्या पहिल्या घराचं दार उघडलं, तर घरातले सगळे माझी वाट बघत नवे कपडे घालून उभे होते," बाई म्हणाल्या. "घरचे म्हातारे आजोबासुद्धा."