भट्टी हद्दीबाहेर

“माती पायाखाली आहे तोवर गाव आपलं गं, भट्टीतून निघाली, की लोकांचं.” चिखल तुडवता तुडवता नवरा म्हणायचा. माणूस जाऊन वर्षं लोटली, पण तो आवाज वीटवालीच्या कानात अजून ओला होता, काही केल्या वाळत नव्हता.

तेव्हा इथं गाव कसलं? नदीच्या वळणावर चार झोपड्या, चिकण माती आणि कोल्हेकुई. नवऱ्यानं विटा पाडल्या, भट्टी लावली, झोपड्यांना भिंती आल्या. भिंतींना शेजार आला, शेजाराला बाजार, बाजाराला रस्ता. पोराला अंगरखा तोकडा पडावा तसं गाव वाढलं, आणि यंदा तिथं नगरपालिका झाली. नाक्यावर शहराची पाटी लागली, पाटीवर दिवा लागला.

दिवा लागला आणि भट्टी डोळ्यांत खुपू लागली.

नगरपालिकेत निवडून गेलेला धाकटा दीर सकाळीच अंगणात आला. इस्त्रीच्या सदऱ्याला राख लागू नये म्हणून उभाच राहिला.

“वहिनी, काल शहराची हद्द ठरली.”

“हद्द तर तुम्ही केलीत, भावजी! ज्या सभागृहात बसून ठरवलंत, त्याच्या विटा काय आभाळातून पडल्या?”

“तसं नाही हो. शहरात भट्टी चालत नाही. लोकांना खिडक्या उघडता येत नाहीत. धूर छातीत जातो म्हणतात.”

“खिडकीला आधी भिंत लागते, म्हणावं त्यांना. आणि धुरानं कोण मेलंय इथं?” ती फटकन बोलली अन् साचा धुवायला वळली.

दिरानं मान खाली घातली. “महिनाअखेर काढावी लागेल. टेकडीपलीकडची जागा हद्दीबाहेर आहे. तिथं कुणी अडवणार नाही.”

तो गेला तशी विटांच्या थरामागून लेक बाहेर आली. केसांत भुसा, कोपरापर्यंत चिखल. हात हुबेहूब बापाचे.

“ऐकलं मी. जाऊ दे काकांना! टेकडीपलीकडची माती बघून आले, लोण्यासारखी आहे. भट्टी मी लावीन, तू नुसती बसून हुकूम सोड.” ती हसली आणि हसता हसता खोकली.

तो खोकला वीटवालीच्या ओळखीचा होता. आधी हसण्यात येतो, मग बोलण्यात, मग झोपेत.

दिवसभर दोघींनी कच्च्या विटा रचल्या. लेक बोलतच होती: पलीकडे दोन भट्ट्या लावू, लोक येतील, तिथंही वस्ती होईल, बघच तू! होईलच, आईला ठाऊक होतं. आधी धूर, मग भिंती, मग खिडक्या बंद. आणि त्या सगळ्याच्या पायात कुणाची तरी छाती.

संध्याकाळी लेक चूड पेटवून भट्टीच्या तोंडाशी वाकली. पुन्हा उबळ आली. विटांना हात टेकून ती कितीतरी वेळ खोकत राहिली.

“विझव ती,” आई म्हणाली.

“अगं, इथली शेवटची तर आहे.”

“विझव. आणि पलीकडचीही लावायची नाही.”

“मग काय, बाबांचा धंदा बुडवायचा?”

आईनं तिच्या हातातली चूड घेतली आणि चिखलात दाबली. ती चुरचुरली.

“थंडी बाधून गेले, असं सगळ्यांना सांगितलं मी. तुलाही. अर्धं गाव उघड्यावर होतं, विटा हव्या होत्या. खरं बोलले असते, तर भट्टीला कुणी हात लावला असता?” तिनं लेकीचा हात घट्ट धरला. “तुझ्या बाबांना धुरानं नेलं, पोरी.”