दुसरी गोळी

मी एक गोळ्यांची डबी. प्लास्टिकची, वारांप्रमाणे खण पाडलेली. बोलायची मला हौस नाही. पण या घरात जे झालं ते पाहून गप्प बसवत नाही.

माझी मालकीण गाडी चालवायला शिकवते. "आरसा बघा हो, आरसा!" म्हणत भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई. तिला बीजांडकोशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि मग रोज घ्यायची गोळी आली. तेव्हा तिच्या नवऱ्याने मला औषधांच्या दुकानातून आणलं. ती गोळी कॅन्सरच्या पेशींना स्वतःची डागडुजी करू देत नसे. बरेच महिने छान गेले. केस परत आले, बाई पुन्हा गाडीत बसून ओरडू लागली.

मग पोट फुगलं. गाठी परतल्या होत्या.

"पेशी वस्ताद असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी पर्समधून ऐकत होते. "हमरस्ता अडवला, तर त्यांनी गल्ली शोधली. ती गल्ली अडवणारी दुसरी गोळी आता जोडीला देऊ. या जोडीवर अजून अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही. पण दोन्ही एकत्र घेतल्या तरच काही जमेल."

"म्हणजे नाकाबंदी," बाई म्हणाली. तिला लगेच पटलं.

पटलं, पण सोसवेना. दुसऱ्या गोळीने तोंड आलं, अंगातलं त्राण गेलं, क्लचवरचा पाय थरथरू लागला. भेटायला आलेली नणंद म्हणाली, "वहिनी, किती सोसता हो! तोंडातून ब्र नाही!" झालं, बाईला तेवढंच हवं होतं. अगं, ब्र काढायलाच हवा होता ना!

त्यानंतर रोज सकाळी तेच. दोन्ही गोळ्या माझ्यातून काढायच्या, एक गिळायची, दुसरी कागदात गुंडाळून कचऱ्यात. संध्याकाळी नवरा माझं झाकण उघडून म्हणायचा, "शाब्बास! एकही चुकली नाही." खण रिकामा म्हणजे गोळी पोटातच गेली, असं समजणाऱ्या या भोळ्या माणसाला काय म्हणावं? आणि त्याच्या तोंडावर गोड हसणाऱ्या बाईला?

पुढच्या तपासणीत गाठी वाढलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला. "या जोडीलाही दाद देत नाहीत. दोन्ही गोळ्या बंद कराव्या लागतील. यापुढे फारसं काही हातात उरत नाही."

"पण हिने एकही चुकवलेली नाही हो!" नवऱ्याने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं.

बाईने खाली मान घातली. "दुसरी मी टाकून देत होते."

"टाकून? रोज?" नवऱ्याने विचारलं.

"रोज. त्रास सांगितला असता तर डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गोळ्या बंद केल्या असत्या. आणि दुसरी घेत राहिले असते तर गाडी सुटली असती."

"अहो, बंद कशाला केल्या असत्या?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "डोस कमी केला असता, मधे सुट्टी दिली असती! मी इथे गाठींना बोल लावत बसले!"

घरी दार उघडताना नवरा म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तू इतका खूश व्हायचास रे," ती म्हणाली आणि पायरीवरच बसून रडली. तोही शेजारी टेकला.

आता दुसऱ्या गोळीचा डोस कमी आहे, मधे सुट्ट्या आहेत. थकव्याच्या दिवसांत बाई गाडीत बसत नाही. ऑफिसात बसून वाहतुकीचे नियम शिकवते आणि चिडचिड करते. ताज्या स्कॅनमध्ये गाठी लहान झाल्यात. गेल्या नाहीत, लहान झाल्यात. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "चालू ठेवू."

माझं एक झाकण निखळलंय, रबर लावून भागवतात. तक्रार नाही. तुम्हाला मात्र हात जोडून सांगते, औषधाचा त्रास होत असेल तर डॉक्टरांपाशी बोंब मारा. मुकाट सोसण्याचं बक्षीस कुणी देत नाही.

चला, बाई आली पाण्याचा ग्लास घेऊन, तोंड वाकडं करत. कर बाई, हवं तेवढं वाकडं कर. पण गीळ.